समुद्रात तेल न ओतता तेलशोधक रोबोची चाचणी कशी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने साधारण ६० किलोचा एयूव्ही, म्हणजे पाण्याखाली स्वतःच्या बुद्धीने फिरणारा रोबो, तयार केला आहे. त्याच्या नाकाशी फ्लुओरोमीटर, म्हणजे अतिनील प्रकाश टाकून तेलाची चमक मोजणारा सेन्सर, बसवला आहे. पाण्याखालचं तेल तो शोधतो हे त्यांना कोकण किनाऱ्यावर दाखवायचं आहे. किनाऱ्यापासून जरा लांब जाऊन पाच-दहा लिटर डिझेल ओतलं आणि त्यातून रोबो फिरवला तर चालेल का? नाही तर चाचणी घ्यायची कशी?

चालणार नाही. परवानगीशिवाय समुद्रात तेल सोडणं बेकायदेशीर आहे, एवढं कारण पुरेसं आहे. पण परवानगी मिळाली असं धरलं तरी त्या चाचणीतून हाती काही लागणार नाही. शांत समुद्रात डिझेल वरच्या वर तवंग होऊन पसरतं, त्यातला बराच भाग उडून जातो, आणि तुमचा रोबो तीन मीटर खालच्या स्वच्छ पाण्यातून फिरून परत येतो. शिवाय तुमचा सेन्सर ३७० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ४६० ला वाचणारा असेल, तर डिझेल त्याला जेमतेम दिसतं. डिझेलमध्ये दोन वलयांची अ‍ॅरोमॅटिक संयुगं (कार्बनच्या वलयांनी बनलेले, प्रकाशात चमकणारे पदार्थ) जास्त असतात. ती २५५ नॅनोमीटरच्या आसपास उजळतात आणि ३५० च्या आसपास चमकतात. कच्च्या तेलात आणि जहाजांच्या जड इंधनात तीन, चार, पाच वलयांची संयुगं भरपूर असल्यामुळे त्यांची चमक लांब तरंगलांबीकडे सरकलेली असते. म्हणून कोणतं तेल शोधायचं हे आधी ठरवा, सेन्सर त्यानंतर. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं, ते जहाजाच्या टाक्यांतलं इंधन होतं. आपल्या बंदरांजवळ याच जातीचं तेल डोळ्यासमोर ठेवलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. ‘रोबोला तेल सापडलं’ या वाक्यात चार वेगळे दावे दडलेले असतात. सेन्सरला तेल दिसतं, हा पहिला. तेल आणि पाण्यात चमकणाऱ्या बाकीच्या गोष्टी यांत तो फरक करतो, हा दुसरा. जिथे दिसलं ती जागा नकाशावर बरोबर उमटते, हा तिसरा. आणि दिसल्यावर रोबो योग्य वळण घेतो, हा चौथा. चारही दावे एकदम तपासायचे तर खरं तेल आणि खरा समुद्र दोन्ही लागतात, आणि ती संधी जगात फार थोड्यांना मिळते. नॉर्वेत तेलगळती आवरण्याचं काम करणारी नोफो ही संस्था रीतसर परवाना घेऊन उत्तर समुद्रात खरं तेल सोडून सराव करते. नॉर्वेजवळच्याच नॉर्वेजियन समुद्रात जून २००० मध्ये डीपस्पिल प्रयोगात ८४४ मीटर खोलीवर डिझेल आणि कच्चं तेल सोडलं होतं. बाकी सगळ्यांनी ही साखळी तोडून एकेक कडी वेगळी तपासायची असते.

पहिली कडी: टाकी आणि प्रयोगशाळा

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनार्डो इथे ओम्सेट नावाचा खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, २०३ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. तिथे खऱ्या तेलावर उपकरणं तपासतात. आपल्याला इतकं मोठं काही लागत नाही. सेन्सर रोबोवरून काढा आणि काचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात तपासा. भांड्याचा तळ काळा आणि निस्तेज असावा, सेन्सरचं तोंड भिंतीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब असावं. पांढरी प्लास्टिकची बादली अजिबात नको. अशा प्लास्टिकमध्ये अनेकदा उजळपणा वाढवणारी रसायनं असतात आणि ती अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतात. शिवाय तेल प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे पाण्यातली मात्रा तुमच्या नकळत घटते.

तेल थेट पाण्यात ओतून ढवळायचं नाही. तळाशी तोटी असलेल्या काचेच्या मोठ्या बाटलीत गाळलेलं समुद्राचं पाणी घ्या आणि लिटरमागे एक ग्रॅम तेल वर अलगद सोडा. चुंबकी ढवळणी इतकी मंद ठेवा की पाण्यातला भोवरा पाण्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याच्या आतच राहील. १८ ते २४ तास अंधारात ढवळा, सहा तास निवळू द्या, मग तळाच्या तोटीतून पाणी काढा. पहिलं थोडं पाणी टाकून द्या. तेलाचा विरघळणारा अंश या पाण्यात उतरलेला असतो. घातलेलं बहुतेक तेल वरच राहतं, म्हणून ‘लिटरला एक ग्रॅम घातलं’ हा आकडा कॅलिब्रेशनला, म्हणजे सेन्सरचं वाचन खऱ्या मात्रेशी जुळवायला, वापरू नका. त्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जीसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या आणि तोच आकडा खरा माना. मग ते पाणी स्वच्छ समुद्राच्या पाण्याने पातळ करत किमान पाच पायऱ्या बनवा.

वाचन नेहमी पातळकडून दाटकडे घ्या, उलट नाही. दर पायरीनंतर सेन्सर सौम्य साबणाने धुऊन स्वच्छ पाण्यात बुडवा आणि वाचन मूळ पातळीवर येतं का बघा. नाही आलं तर काचेवर तेलाचा पापुद्रा बसला आहे. खिडकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर अ‍ॅसिटोन लावू नका, बारीक तडे जातात आणि सेन्सर कायमचा बिघडतो. दाट बाजूला मुद्दाम जास्त पुढे जा. एका मर्यादेनंतर तेल स्वतःच प्रकाश शोषून घेतं आणि मात्रा वाढत असताना वाचन उलट घटू लागतं. ते वळण तुमच्या सेन्सरवर कुठे येतं हे माहीत नसेल, तर रोबो ऐन दाट तेलात शिरल्यावर ‘तेल कमी झालं’ असं कळवेल.

विरघळलेलं तेल झालं की थेंबांची पाळी. वीस भाग तेलाला एक भाग डिस्पर्संट (तेल फोडून बारीक थेंब करणारं रसायन) घालून, जरा जोरात ढवळून थेंब तयार करा. साधारण ७० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब पाण्यात टिकून राहतात. १०० मायक्रॉनचा थेंब, तेलाची घनता ८७० (घनमीटरला किलो) धरली तर, तासाला सुमारे तीन मीटर वर चढतो. ५० मायक्रॉनचा त्याच्या पाव वेगाने. थेंबांचं वाचन गुळगुळीत येत नाही, सुयांसारखे टोकदार उंचवटे येतात. म्हणून सेकंदाला किमान एक वाचन साठवा आणि रोबोवरच सरासरी काढून ते उंचवटे पुसून टाकू नका. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने जाताना दहा सेकंदांची सरासरी म्हणजे १५ मीटर पाणी एका आकड्यात कोंबणं.

ताज्या कच्च्या तेलाच्या वाफेत बेन्झीन असतं आणि ती वाफ पेट घेते. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात करा, लिथियम बॅटऱ्यांचं चार्जिंग त्या खोलीत नको. दररोजच्या कॅलिब्रेशनला तेल लागतही नाही: ३७०/४६० च्या सेन्सरला सौम्य सल्फ्युरिक आम्लातलं क्विनीन सल्फेट चालतं. सेन्सर कालच्यासारखाच वाचतो आहे का, एवढं त्यातून कळतं, आणि रोजच्यासाठी तेवढं पुरे.

दुसरी कडी: तेल नसलेलं पाणी

बहुतेक गट सगळा वेळ तेल दाखवण्यात घालवतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ तेल नसलेल्या पाण्यात जायला हवा. आपल्या किनाऱ्यावर अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या वस्तूंची कमी नाही. खारफुटीतून आणि नद्यांतून येणारा कुजलेल्या पाल्याचा विरघळलेला अंश नेमका ४६० च्या आसपास चमकतो. शहराच्या सांडपाण्यातून धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी रसायनं येतात, तीही त्याच पट्ट्यात. शेवाळाच्या बहरात हरितद्रव्य वाढतं. आणि गाळ दोन्हीकडून घात करतो: प्रकाश विखरून खोटं वाचन चढवतो, नाहीतर खरी चमक सेन्सरपर्यंत पोचूच देत नाही. पावसाळ्यातल्या ठाण्याच्या खाडीत आणि जानेवारीत मालवणसमोर एकच सेन्सर एकच उत्तर देईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

यावर एक साधी रीत आहे. खाडीच्या मुखापासून खुल्या समुद्राकडे काही किलोमीटरची सरळ रेषा आखा. त्या रेषेवर क्षारता, तापमान, तेल-वाहिनी (तेलाच्या सेन्सरचं वाचन), हरितद्रव्य आणि गढूळपणा सगळं एकत्र नोंदवा. मग आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर तेल-वाहिनीचं वाचन मांडा. नदीचं आणि समुद्राचं पाणी नुसतं मिसळत असेल तर बिंदू साधारण एका उतरत्या रेषेवर बसतात: गोडं पाणी जास्त तिथे चमक जास्त. वाचन किती मोठं आहे यापेक्षा या रेषेपासून ते किती वर उचललं गेलं आहे ते बघा. रेषेच्या आजूबाजूच्या पसरटपणाच्या तिप्पट वर गेलेला बिंदू संशयित धरा. त्याच जागी हरितद्रव्यही उचललं गेलं असेल तर आधी शेवाळाचा संशय घ्या, गढूळपणा उचलला गेला असेल तर गाळाचा. तिन्ही शक्यता बाजूला पडल्या तरच तेलाचं नाव घ्यायचं.

ही रेषा ऋतूप्रमाणे बदलते. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशा तीन वेळा, आणि दर वेळी भरतीला व ओहोटीला वेगळी आखा. वर्षभराच्या या कामातून एक आकडा काढा: तेल नसलेल्या पाण्यात रोबो तासाला किती वेळा ‘तेल’ म्हणाला. परीक्षकांना किंवा तटरक्षक दलाला हा आकडा आधी दाखवा. खोट्या इशाऱ्यावर जहाज, माणसं आणि दिवस खर्ची पडतात, आणि तेच पुन्हा झालं की खऱ्या इशाऱ्यावरही कोणी निघत नाही.

तिसरी आणि चौथी कडी: जागा आणि निर्णय

इथे तेलाऐवजी रंग वापरतात. ऱ्होडामाइन डब्ल्यूटी हा पाण्याच्या प्रवाहांच्या अभ्यासात नेहमी वापरला जाणारा गुलाबी रंग आहे. स्पेन, क्रोएशिया, पोर्तुगाल आणि सायप्रस इथल्या गटांनी युरोपीय प्रकल्पात तेलाच्या जागी हाच रंग सोडून अनेक रोबोंचा ताफा एकत्र चालवला होता. तुमच्या अतिनील सेन्सरला हा रंग नीट दिसणार नाही, त्याला हिरव्या प्रकाशाने उजळवून ५९० च्या आसपास वाचणारा वेगळा सेन्सर लागतो. म्हणजे या चाचणीत तेलाचा सेन्सर तपासला जात नाही, रोबोची वाट काढण्याची आणि निर्णय घेण्याची क्षमता तपासली जाते. अहवालातही तसंच लिहा.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. २०० ग्रॅम शुद्ध रंग, म्हणजे बाजारातलं २० टक्क्यांचं द्रावण साधारण लिटरभर, १०० बाय १०० मीटर आणि पाच मीटर खोल पाण्यात पसरला तर ५०,००० घनमीटरमध्ये लिटरमागे चार मायक्रोग्रॅम होतो. चांगला सेन्सर याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत वाचतो. म्हणजे लिटरभर पुरतो, जास्त नको. ते द्रावण समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं. तसंच ओतलं तर सरळ तळाला जाईल आणि रोबो वर रिकामा फिरेल. आधी पिंपभर समुद्राच्या पाण्यात मिसळा, थोडं अल्कोहोल घालून घनता जुळवा, मग हव्या त्या खोलीवर नळीने सोडा. पाणी एक अंशाने तापलं की या रंगाची चमक सुमारे अडीच टक्क्यांनी घटते, तेव्हा तापमानाची दुरुस्ती करा. रंग सोडण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ, सागरी मंडळ आणि तटरक्षक दल यांना लेखी विचारा. गावातल्या मच्छीमार सोसायटीलाही कळवा. समुद्र अचानक गुलाबी दिसला तर त्यांना काळजी वाटणारच, आणि ती रास्त आहे.

रंगाच्या पट्ट्यात खोलवर पडदा लावलेला एक ड्रिफ्टर, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत आपली जागा नोंदवणारा तरंगा, सोडा. ही पायरी गाळू नका. प्रवाह अर्धा मीटर प्रतिसेकंद असेल तर दहा मिनिटांत अख्खा पट्टा ३०० मीटर सरकतो. रोबोने काढलेला नकाशा स्थिर जमिनीवर मांडला तर तो ताणलेला, तिरपा आणि खोटा दिसेल. प्रत्येक वाचनातून ड्रिफ्टरचं सरकणं वजा करा, मगच आकार खरा कळतो.

आता उशीर. पंपाने पाणी ओढून वाचणाऱ्या सेन्सरमध्ये नळीतून पाणी यायला वेळ लागतो, शिवाय सेन्सरचं घड्याळ आणि दिशादर्शनाचं घड्याळ वेगळं असतं. तो मोजण्यासाठी एकाच रेषेवर रोबो लगेच उलट दिशेने न्या. ड्रिफ्टरची दुरुस्ती करूनही जाताना आणि येताना शिखरं १८ मीटर अंतरावर दिसली, आणि पाण्याच्या तुलनेत वेग दीड मीटर प्रतिसेकंद होता, तर उशीर सहा सेकंदांचा आहे: १८ भागिले दोन, भागिले दीड. हा आकडा सगळ्या नोंदींतून काढून टाका. रोबो पाण्याखाली जितका वेळ राहतो तितकी त्याच्या जागेची चूक वाढते. समुद्रतळाकडे ध्वनी सोडून वेग मोजणारा डॉप्लर वेगमापक नसेल तर ती फार झपाट्याने वाढते, म्हणून तसल्या रोबोने दर काही मिनिटांनी वर येऊन जीपीएस घ्यायला हवा.

खऱ्या गळतीत मात्र हेच वर येणं घातक ठरतं. तवंगातून वर आला की काचेवर तेल बसतं आणि पुढचं सगळं वाचन चढं येतं. वर येण्याची जागा तवंगाच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठरवून द्या. दर फेरीनंतर स्वच्छ पाण्यात शून्य-वाचन घ्या. ते फेरीआधीच्या वाचनाशी जुळत नसेल तर ती फेरी बाद.

शोधाची वाट ठरवताना बऱ्याच जणांची एकच चूक होते. वाढत्या वाचनाकडे वळत राहा, असा नियम रोबोला दिला जातो. पाण्याखालचं तेल सलग ढगासारखं नसतं, ते तुकड्या-तुकड्यांनी असतं, आणि मधल्या स्वच्छ फटीत शिरल्याबरोबर असा रोबो हरवतो. आधी नांगरटीसारख्या समांतर रेषा, अंतर अपेक्षित पट्ट्याच्या निम्म्याहून कमी, आणि सोबत वर-खाली हेलकावत जाणं. पहिल्यांदा तेल लागल्यावर थोड्या जागेत दाट शोध, आणि वाचन गेलं तरी ठरलेलं अंतर पुढे जाऊन मगच वळणं. वाचन कमी झाल्या झाल्या वळू द्यायचं नाही. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या गटाने एक्सप्लोरर एयूव्हीवर सोनार (ध्वनीच्या प्रतिध्वनीने पाहणारं यंत्र) बसवून तुटक पट्ट्यांचा असाच अभ्यास केला, तेलाच्या जागी सूक्ष्म बुडबुडे वापरून. बुडबुडे निरुपद्रवी आहेत, पण ध्यानात ठेवा: हवेचा बुडबुडा सोनारला ठळक दिसतो, त्याच आकाराचा तेलाचा थेंब फार पुसट. बुडबुड्यांवर मिळालेला सोनारचा पल्ला तेलासाठी लिहू नका.

कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कोल ऑइल पॉइंट इथे समुद्रतळातून तेल आपोआप झिरपत असतं. खऱ्या तेलावर परवान्याची अडचण न येता रोबो चालवण्यासाठी अशी नैसर्गिक जागा उत्तम.

किनाऱ्यावरची तयारी

वजन जुळवणं हलक्यात घेऊ नका. रोबो बिघडला तर आपोआप वर यावा म्हणून त्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का तरंगण्याची शक्ती शिल्लक ठेवतात. ६० किलोला ती ३०० ते ६०० ग्रॅम झाली. आता खुल्या समुद्राची घनता १०२५ आणि पावसानंतर खाडीच्या तोंडाशी १०१५ असेल, तर ६० लिटर विस्थापनावर ६०० ग्रॅम उचल कमी होते. म्हणजे राखलेली सगळी शक्ती संपली आणि बंद पडलेला रोबो तळाला. चाचणीच्या जागेचं पाणी त्याच दिवशी मोजून वजनं बदला.

उधाणाचे दिवस टाळा, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत भरती संपून पाणी थांबतं त्या वेळेभोवती काम करा. डोल जाळी कुठे रोवली आहेत हे आदल्या दिवशी मच्छीमारांकडून नकाशावर काढून घ्या. त्या जाळ्यात रोबो शिरला तर जाळंही फाटतं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हा छोटा एयूव्ही बनवून आपल्या पाण्यात चालवला आहे. तुमच्या आकाराच्या वाहनाचा अनुभव तिथे आहे, मार्गदर्शन मागा.

पाण्याचा नमुना

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेल-उत्खनन मंचाच्या गळतीच्या वेळी सेंट्री या एयूव्हीने मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) घेऊन साधारण ११०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटरहून लांब हायड्रोकार्बनचा पट्टा मोजला. त्या निष्कर्षाला वजन आलं त्यात पाण्याचे नमुने आणून केलेल्या रासायनिक तपासणीचा मोठा वाटा होता. फ्लुओरोमीटर फक्त संशय सांगतो, निकाल बाटली देते.

म्हणून दर संशयित जागेमागे एक नमुना आणि तेल नसलेल्या शेजारच्या पाण्याचा एक नमुना घ्या. बाटली तपकिरी काचेची, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. नमुना घेणाऱ्या यंत्रात रबरी दोरी किंवा साध्या रबराची चकती असेल तर बदला, रबर तेल शोषतं आणि पुढच्या नमुन्यात सोडतं. उघडी बाटली तवंगातून खाली नेऊ नका, ती हव्या त्या खोलीवरच उघडली पाहिजे. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच दोनच्या खाली आणा, चार अंशांवर ठेवा, सात दिवसांच्या आत अर्क काढून घ्या. प्रयोगशाळेला बाटल्यांवर फक्त क्रमांक द्या. कोणती संशयित आणि कोणती स्वच्छ ते सांगू नका. टाकीतल्या चाचणीतही मात्रा एकाने बनवाव्यात आणि रोबोचं वाचन दुसऱ्याने घ्यावं, ज्याला त्या माहीत नाहीत.

अहवालात चारही कड्यांचे आकडे वेगळे द्या: कोणत्या तेलाची किती मात्रा दिसली, तेल नसताना तासाला किती खोटे इशारे आले, जागेची चूक किती मीटर, आणि रंगाच्या किती पट्ट्यांपैकी किती रोबोने स्वतः शोधले. प्रत्येक आकड्यासमोर तो टाकीतला, रंगावरचा की समुद्रातला हे लिहा, आणि त्या दिवशीची क्षारता व गढूळपणाही.